प्लेटमध्ये नेमके काय वाढते आहे? आतड्याच्या मूळपेशी आणि कर्करोगाच्या संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी

अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एम.डी. पॅथॉलॉजी करणारे विद्यार्थी मला अधूनमधून भेटतात आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: स्वतःची लॅब टाकण्याऐवजी कर्करोगाच्या मूलभूत संशोधनात गेले तर चालेल का, आणि चालले तर त्यावर घर चालेल का. मी मूळची परभणी जिल्ह्यातली. एम.बी.बी.एस. आणि एम.डी. दोन्ही मराठवाड्यातच केले, पुढे पीएच.डी.साठी बाहेर पडले, आतड्याच्या मूळपेशी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग या विषयावर काम केले आणि आता पुन्हा इकडेच शिकवत, जमेल तसे तेच काम पुढे नेते आहे. भेटीत प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे म्हणून हा खटाटोप आहे.

आधी पैशांचे बोलून घेऊ, कारण घरी तोच प्रश्न पहिला येतो. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या जेआरएफला, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्या कनिष्ठ शिष्यवृत्तीधारकाला, जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्तीधारक, झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडे भत्ता. एम.डी. झालेल्या माणसाला सिनियर रेसिडेंट म्हणून जे मिळते त्यापुढे ही रक्कम तोकडी आहे, आणि पीएच.डी. संपेपर्यंत ती तोकडीच राहते. हे गणित घरच्यांसमोर कागदावर मांडा. ‘पुढे बघू’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. शासकीय जागेवर शिकलेल्यांनी बॉण्डची, म्हणजे लेखी कबूल केलेली सरकारी सेवा आधी पूर्ण करावी असे माझे ठाम मत आहे. बॉण्ड अर्धवट ठेवून पीएच.डी.ला बसलेले आणि मूळ कागदपत्रांसाठी दर सुटीत महाविद्यालयाच्या कार्यालयात खेटे घालणारे लोक मी पाहिले आहेत. वर्षभराची सिनियर रेसिडेन्सीही जमल्यास उरकून घ्यावी, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते. सीएसआयआरची नेट परीक्षा एम.बी.बी.एस. झालेल्यांनाही देता येते, हे आपल्याकडे अनेकांच्या गावीही नसते. आयसीएमआरची स्वतंत्र जेआरएफ परीक्षा आहेच. वयाची अट मात्र दोन्हीकडे आहे, आणि आपण एम.डी. करून बाहेर पडतो तोवर ती जवळ येऊन ठेपलेली असते, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये. पुढच्या टप्प्यावर डॉक्टरांसाठी इंडिया अलायन्स या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या क्लिनिकल फेलोशिप आहेत, पण त्यांचा विचार पहिल्या दिवशी करण्याचे कारण नाही.

या विषयात काम करणाऱ्या संस्थांची नावे तुम्हाला ठाऊक असतील: पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, खारघरला टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक, हैदराबादला सीसीएमबी. नांदेडच्या विद्यार्थ्याला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते, तरी आपली मुले सवयीने पुण्याकडेच तोंड करतात. का, ते मला आजवर उमगलेले नाही.

विषयाची तोंडओळख तुम्हाला आहे असे धरून चालते, तरी पुढचा मुद्दा समजण्यापुरते थोडे सांगणे भाग आहे. आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांत नवे होते, आणि हा सगळा पुरवठा क्रिप्टच्या (अस्तरातल्या सूक्ष्म खड्ड्याच्या) तळाशी बसलेल्या मूठभर मूळपेशी करतात. त्या बारीक, उभट पेशींकडे चेंग आणि लेब्लाँड यांनी १९७४ मध्येच बोट दाखवले होते; पण त्या खरोखर मूळपेशी आहेत याचा निर्णायक पुरावा २००७ मध्ये उट्रेख्टच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेतून आला. एलजीआर५ हे जनुक ज्या पेशींत चालू आहे त्या पेशींवर उंदरांमध्ये कायमची खूण करून, त्यांच्या वंशातून अस्तरातल्या सगळ्या प्रकारच्या पेशी उतरतात, हे निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. दोनच वर्षांनी तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी मॅट्रिजेल या पेशींना आधार देणाऱ्या जेलच्या थेंबात ठेवून, ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पॉन्डिन एवढ्या तीन प्रथिन-घटकांवर तिच्यापासून अख्खे छोटे आतडे वाढवले. आज ज्याला आपण ऑर्गनॉइड म्हणतो ते हेच. त्याच वर्षी बार्कर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी पॅथॉलॉजिस्टने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे: एपीसी हे वाढीला लगाम घालणारे जनुक मूळपेशीतून काढले तर उंदराच्या आतड्यात काही आठवड्यांत ॲडिनोमा, म्हणजे कर्करोगाच्या आधीच्या गाठी, उभे राहतात, तेच त्यांच्यापासून निघालेल्या, थोड्याच काळ विभागणाऱ्या पेशींतून काढले तर गाठ सुरू होऊनही बहुधा तिथेच अडखळते. बिघाड तोच, तरी तो कोणत्या पेशीत झाला यावर रोगाचे भवितव्य ठरते. सुमारे ८० टक्के कोलोरेक्टल कर्करोगांत एपीसीचा बिघाड सापडतो, आणि तो झाला की विंट संकेतमार्ग, म्हणजे पेशीला वाढायला सांगणारी यंत्रणा, बाहेरून आदेश न येताही चालूच राहतो. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. पुढे सगळे तिच्यावरच येऊन ठेपणार आहे.

गाइड निवडताना लोक नाव पाहतात. मीही तेच करत होते, आणि त्यात गैर काही नाही, पण आता मला विचाराल तर मी वेगळे सांगेन. ज्याच्या प्रयोगशाळेत पंधरवड्यातून एकदा गाइड स्वतः तुमच्या शेजारी बसून सूक्ष्मदर्शकातून तुमची प्लेट पाहतो, तिथे जावे. ज्या गाइडची भेट फक्त स्लाइड शोमधून होते, त्याचे नाव कितीही मोठे असले तरी तुमची प्लेट कधी फसली हे त्याला कळणार नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. दुसरे म्हणजे, डॉक्टर म्हणून तुम्ही गेलात की तुमच्याकडून दोनच अपेक्षा ठेवल्या जातात: रुग्णालयातून नमुने आणणे आणि संमतिपत्रांवर सह्या घेणे. हे काम महत्त्वाचे आहे, पण तेवढेच करत राहिलात तर तीन वर्षांनी तुम्ही पीएच.डी.चे विद्यार्थी नसून नमुन्यांचे वाहतूकदार झालेले असाल. पहिल्याच महिन्यात पिपेट हातात घ्या. मॅट्रिजेल चार अंशांवर रात्रभर वितळवणे, टिप्स आधीच फ्रीझरमध्ये थंड करून ठेवणे, बर्फावर नळी ठेवून पन्नास मायक्रोलिटरचा थेंब प्लेटच्या मधोमध घुमटासारखा बसवणे आणि तो पसरण्याआधी प्लेट इन्क्युबेटरमध्ये नेणे, ही हातोटी पुस्तकातून येत नाही. पहिले थेंब सगळ्यांचेच पसरतात.

आता ज्या सापळ्यासाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येते, आणि इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे.

शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यातून तुम्ही ट्यूमरचा तुकडा घेता, तो बारीक चिरता, कोलॅजिनेज या विकराने सोडवता, गाळता, मॅट्रिजेलमध्ये बसवता आणि वर मिडियम, म्हणजे पेशींचे पोषक द्रव, घालता. मानवी मोठ्या आतड्याच्या मिडियममध्ये सातो यांच्या मूळच्या तीन घटकांखेरीज विंटही बाहेरून घालावे लागते, शिवाय निकोटिनामाइड आणि एक-दोन रोधके. आठवड्याभरात गोल गोल गोळे दिसू लागतात. ते फोडून पुन्हा लावता, पुन्हा वाढतात. एकाचे चार थेंब होतात. डब्यावर रुग्णाचा सांकेतिक क्रमांक आणि पुढे ‘टी’ लिहिता, म्हणजे ट्यूमर. वाढते आहे म्हणजे ट्यूमरच वाढतो आहे, असे मन आपसूक धरून चालते, कारण कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात हे आपण एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षापासून घोकत आलेलो असतो.

या प्लेटमध्ये ते खरे नसते. इतक्या भरपूर घटकांच्या मिडियममध्ये निरोगी अस्तराच्या मूळपेशींना हवे ते सगळे मिळते आणि त्या दणकून वाढतात. ट्यूमरच्या पेशींत मात्र गुणसूत्रांचा इतका गोंधळ असतो की विभाजनाच्या वेळी त्यांतल्या कितीतरी पेशी मरतात. त्यामुळे अनेकदा ट्यूमरचे ऑर्गनॉइड त्याच रुग्णाच्या निरोगी ऑर्गनॉइडपेक्षा हळू वाढतात. ट्यूमरचा तुकडा काठाजवळून घेतला असेल, त्यात चार-दोन निरोगी क्रिप्ट आल्या असतील, तर प्रत्येक पॅसेजला, म्हणजे फोडून पुन्हा लावण्याच्या फेरीला, त्यांचा वाटा वाढत जातो. शेतात तण पिकावर मात करते तसे इथे होते, फक्त कोणाला पीक म्हणायचे आणि कोणाला तण, हे या प्लेटमध्ये उलटे असते. काही पॅसेजनंतर डब्यावरचा ‘टी’ तसाच राहतो आणि आत ट्यूमर उरलेला नसतो.

डोळ्यांना हे कळत नाही का? नाही, आणि इथेच अनुभवी माणसेही फसतात. पुस्तकांत ऑर्गनॉइडची जी सुंदर चित्रे असतात, कळ्या फुटलेली, फांद्या आलेली, ती उंदराच्या लहान आतड्याची असतात. उंदरात एपीसी गेले की ही कळ्यांची रचना मोडून साधा पोकळ गोळा होतो, म्हणून ‘कळ्या म्हणजे निरोगी आणि गोळा म्हणजे ट्यूमर’ असे एक समीकरण डोक्यात बसते. पण मानवी मोठ्या आतड्याचे निरोगी ऑर्गनॉइडसुद्धा विंटने भरलेल्या मिडियममध्ये पातळ भिंतीचे पोकळ गोळेच होतात. दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या तर चार एक्सच्या भिंगाखाली त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसू शकतात. काही ट्यूमर भरीव, ओबडधोबड दिसतात हे खरे, पण सगळे नाही, आणि जे तसे दिसत नाहीत तेच घात करतात.

मग एसटीआर चाचणी असते ना, असे तुम्ही म्हणाल. आमच्याकडेही ती होती आणि प्रत्येक नमुन्याला तिचा अहवाल जोडलेला होता. माझी पंचाईत झाली ती नेमकी त्या अहवालामुळे. एसटीआर म्हणजे डीएनएमधल्या काही ठरावीक जागी लहान तुकडे किती वेळा पुनरावृत्त झाले आहेत याची मोजणी. ती माणसागणिक वेगळी असते, म्हणून पेशी कोणत्या माणसाच्या आहेत हे तिने कळते. दुसऱ्याच प्रयोगशाळेतली हेला पेशी (सर्वत्र वापरली जाणारी कर्करोगपेशींची जात) तुमच्या डब्यात शिरली असेल तर ती लगेच पकडली जाते. पण एकाच रुग्णाच्या निरोगी अस्तराची आणि ट्यूमरची एसटीआर सामान्यतः जुळणारच, कारण माणूस एकच आहे. मायक्रोसॅटेलाइट (असेच पुनरावृत्त तुकडे) अस्थिर असलेल्या, म्हणजे सुमारे १५ टक्के ट्यूमरांत ती थोडी हलते आणि काही ट्यूमरांत एखाद्या जागेचा तुकडाच गळालेला दिसतो, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे एसटीआर ‘कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर देते, ‘कोणते’ या प्रश्नाचे देत नाही. आम्ही पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या खाली लिहून मोकळे झालो होतो. ज्या प्रयोगशाळेत हे घडले तिथे निष्काळजी कोणीच नव्हते. अहवाल होता, तो फाइलला होता, त्यावर सही होती, म्हणून पुढचा प्रश्न कोणाला सुचला नाही.

सुचला तो औषधांच्या प्रयोगात. फाइव्ह-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांचे वाढते डोस देऊन किती पेशी जगतात याचे आलेख आम्ही काढत होतो, आणि एका गटातल्या रुग्णांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर रेघेवर रेघ बसत होती. सुरुवातीला याचा आनंद झाला, प्रयोग किती काटेकोर झाला म्हणून. वास्तविक वेगवेगळ्या रुग्णांचे ट्यूमर औषधाला इतके एकसारखे कधीच उत्तर देत नाहीत. निरोगी अस्तर मात्र माणसागणिक बरेचसे सारखे वागते. दुसऱ्या विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी चहाच्या वेळी तो आलेख पाहून सहज विचारले, की मूळ ब्लॉकवर, म्हणजे पॅराफिनमध्ये जपलेल्या ट्यूमरच्या तुकड्यावर, के-रास जनुक पाहिले होते का, आणि पाहिले असेल तर ऑर्गनॉइडवर तेच दिसते का. ब्लॉकचा अहवाल रुग्णालयाच्या फाइलमध्ये होता आणि त्यात के-रासचा बिघाड स्पष्ट लिहिलेला होता. ऑर्गनॉइडमध्ये तो नव्हता. त्या गटातल्या निम्म्याहून अधिक डब्यांची हीच गत निघाली, आणि सगळा हिवाळा खर्चून काढलेले आलेख बाजूला ठेवावे लागले.

यातून तुम्ही काय करायचे, तर ट्यूमरच्या प्रत्येक नमुन्यासोबत त्याच रुग्णाचे निरोगी अस्तर, ट्यूमरपासून पुरेशा अंतरावरून, किंवा रक्ताचा नमुना घ्यायचा आणि दोन्हींचा डीएनए पहिल्याच दिवशी काढून ठेवायचा. ऑर्गनॉइड गोठवण्याआधी, आणि औषधांचा प्रयोग सुरू करण्याआधी पुन्हा, एपीसी, के-रास, टीपी५३ यांसारख्या जनुकांत मूळ ट्यूमरमधला बिघाड टिकून आहे का हे पाहायचे. एकदा पाहिले म्हणजे कायमचे झाले असे नाही, कारण प्रत्येक पॅसेज ही नव्याने होणारी निवड असते. पैसे नसतील तर सगळे जनुकसंच वाचायची गरज नाही. ब्लॉकमध्ये जो एक बिघाड सापडला आहे तेवढाच पाहिला तरी पुरतो. आणि हे मी विशेष आग्रहाने सांगते: ऑर्गनॉइडचा गोळा फॉर्मेलिनमध्ये बसवून, पॅराफिन ब्लॉक करून, एच अँड ई या नेहमीच्या रंगांनी रंगवून, मूळ ट्यूमरची स्लाइड शेजारी ठेवून स्वतः पाहायचा. केंद्रकांचा आकार, त्यांची रांग मोडली आहे की एकसारखी तळाशी बसली आहे, बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या कडेला आहे की केंद्रकात गेले आहे, पी५३चा रंग, हे सगळे तुम्हाला वाचता येते. रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे वाचता येणारी तुम्ही एकटीच व्यक्ती असण्याची शक्यता मोठी आहे. एम.डी.च्या तीन वर्षांत जे शिकलात ते तिथल्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवू नका.

यावर एक उपाय सर्रास सांगितला जातो, तो उपयोगी आहे पण त्याच्यातही पाचर आहे, म्हणून तेही लिहिते. ट्यूमरमध्ये एपीसी बिघडले असेल तर त्याला बाहेरचे विंट आणि आर-स्पॉन्डिन लागत नाही. मिडियममधून हे दोन घटक काढले की निरोगी ऑर्गनॉइड काही दिवसांत मरतात आणि ट्यूमर उरतो. त्याचप्रमाणे नटलिन हे रसायन घातले की ज्यांचे टीपी५३ शाबूत आहे त्या पेशी थांबतात आणि बिघडलेल्या पुढे जातात. छान चालते. पण काही ट्यूमरांत एपीसी शाबूत असते आणि बिघाड आरएनएफ४३ या जनुकात असतो, किंवा आर-स्पॉन्डिनचेच जनुक दुसऱ्या जनुकाला जोडले जाऊन अखंड चालू झालेले असते. हे ट्यूमर बाहेरच्या विंटवर अवलंबून असतात. विंट काढले की निरोगी पेशींबरोबर तेही मरतात, आणि तुम्ही वहीत ‘वाढला नाही’ अशी नोंद करून पुढे जाता. असे करत करत तुमच्या संग्रहात केवळ एपीसी बिघडलेलेच ट्यूमर गोळा होतात आणि पुढे तुम्हीच लिहिता, की आमच्या भागातल्या सगळ्या ट्यूमरांत एपीसी बिघडलेले आढळले. म्हणून प्रत्येक नमुन्याचे थेंब दोन्ही मिडियममध्ये लावावेत आणि निवड केली तरी पडताळणी सोडू नये.

हे वाचून कोणी घाबरू नये. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचे चेहरे पडतात, जणू या विषयात पाऊल टाकले की फसलेच. तसे नाही. हा सापळा जगभरच्या चांगल्या प्रयोगशाळांना ठाऊक आहे आणि त्यावरचे उपायही ठाऊक आहेत. फक्त नवख्याला ते कोणी पहिल्या आठवड्यात सांगत नाही. तुम्हाला ते आता कळले आहे. शिवाय वाया गेलेले काही पुरते वाया जात नाही: ते निरोगी ऑर्गनॉइड पुढे तुलनेसाठी कामाला आलेच, आणि इतक्या रुग्णांचे निरोगी अस्तर वाढवलेले असणे हीही लहान गोष्ट नव्हे.

मराठवाड्यात राहून या विषयात काय करता येईल, असेही विचारले जाते. जनुकात बदल केलेले उंदीर आपल्याकडे नाहीत आणि लवकर येण्याची चिन्हेही नाहीत. त्याचे दुःख करत बसू नये. आपल्याकडे रुग्ण आहेत, जुने ब्लॉक आहेत आणि ते वाचणारी माणसे आहेत. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि धाराशिवच्या सीमेला लागून सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला तर १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. जगात २०२२ मध्ये कोलोरेक्टल कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आणि ९ लाख मृत्यू नोंदले गेले. आपल्या ग्रामीण भागात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळ कमी आहे, पण जे रुग्ण येतात त्यांत तरुण बरेच असतात आणि तरुणांत सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींचा) प्रकारही तुलनेने जास्त दिसतो. या प्रकारावर पुरेसे काम झालेले नाही. ते करायला मुंबई-पुण्यापेक्षा आपण अधिक चांगल्या जागी आहोत असे मला वाटते. यात गावाकडचा अभिमान थोडा मिसळलेला असेल तर तो सोडून द्यावा.

पण नमुना जिवंत मिळायला हवा, आणि खरी झुंज तिथे आहे. आपल्या ओ.टी.त आतडे बाहेर आले की सिस्टर ते सवयीने फॉर्मेलिनच्या बरणीत टाकतात, कारण वर्षानुवर्षे त्यांना तसेच सांगितलेले आहे. एकदा फॉर्मेलिनमध्ये गेले की त्यातून स्लाइड होईल, ऑर्गनॉइड होणार नाही. तुम्ही ओ.टी.च्या दाराशी बर्फाचा डबा आणि प्रतिजैविके घातलेले थंड मिडियम घेऊन उभे असाल तरी उपयोग नाही, जर आतल्या माणसाला तुमची आठवण राहिली नाही. यावर पत्रव्यवहार करू नका. ओ.टी.च्या इन्चार्ज सिस्टरांना भेटा, काय हवे आणि का हवे ते सांगा, आणि ज्या दिवशी यादीत आतड्याची शस्त्रक्रिया असेल त्या सकाळी फॉर्मेलिनच्या बरणीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. तुकडा मात्र ग्रॉसिंग करणाऱ्या, म्हणजे काढलेला अवयव उघड्या डोळ्यांनी तपासणाऱ्या, पॅथॉलॉजिस्टनेच काढावा, सर्जनने टेबलावर नाही. ट्यूमर किती खोल गेला हे ठरवणारा भाग आणि मार्जिन (कापलेल्या कडा) हे रुग्णाच्या निदानासाठी आहेत, संशोधनाचा हक्क त्यानंतर. गुदाशयाच्या ट्यूमरबाबत आणखी एक अडचण आहे. अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेआधीच किरणोपचार आणि केमोथेरपी दिलेली असते, त्यामुळे काढलेल्या भागात ट्यूमरच्या जिवंत पेशी नावापुरत्या उरतात आणि वर सांगितलेला सापळा दुप्पट धोक्याचा होतो. अशा रुग्णांचा नमुना उपचारापूर्वीच्या बायोप्सीच्या वेळीच मागावा. संमतिपत्र सरळ मराठीत असावे, आणि पेशी जिवंत ठेवणे, जनुकीय तपासणी करणे व नमुना दुसऱ्या संस्थेकडे पाठवणे या तिन्ही गोष्टी त्यात वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. एथिक्स कमिटी तेच विचारते आणि तिने विचारावेच.

आडवाटांबद्दल मला फार बोलवत नाही, पण बोलते. पैसे भरून पेपर छापून देणाऱ्यांचे फोन एम.डी.च्या दुसऱ्या वर्षापासून येऊ लागतात, आणि ‘सगळेच करतात’ हे त्यासोबत येते. त्या पेपरवर पुढे कोणताही शहाणा गाइड एक प्रश्न विचारतो आणि माणूस उघडा पडतो. तयार मिडियमच्या महागड्या किटबद्दलही माझे मत फारसे चांगले नाही: त्यात काय घातले आहे हे कंपनी पूर्ण सांगत नाही, आणि काय घातले आहे हे माहीत नसताना काय काढून निवड करायची हे कसे ठरवणार? विंट, आर-स्पॉन्डिन आणि नॉगिन तिन्ही बनवणाऱ्या एल-डब्ल्यूआरएन पेशी मिळतात, त्या वाढवून मिडियम घरीच करता येते, बरेच स्वस्त पडते, आणि हात सुधारतो. प्रत्येक खेपेची ताकद मात्र जुन्या खेपेशी ताडून पाहावी. लातूरच्या शिकवणीत आपण उत्तर बरोबर येईपर्यंत गणित सोडवायला शिकलो. ती चिकाटी या कामात सोन्यासारखी आहे, पण इथे उत्तरपत्रिकेच्या मागे उत्तरे छापलेली नसतात, आणि अपेक्षित उत्तर पहिल्या फटक्यात आले तर थांबून शंका घ्यावी लागते. ही सवय लागायला मला वेळ लागला.

गाइडला पहिला ई-मेल पाठवाल तेव्हा एम.डी.च्या थिसिसचा सारांश एका पानात द्या आणि स्वतः ग्रॉस केलेल्या कोलेक्टॉमीच्या (काढलेल्या मोठ्या आतड्याच्या) नमुन्यांविषयी दोन ओळी लिहा. आपली गुणपत्रिका त्यांना तितकी नको असते. मुलाखतीला बोलावले तर तुम्हीही विचारा, की तुमच्याकडच्या ट्यूमर ऑर्गनॉइडची मूळ ब्लॉकशी पडताळणी कशी आणि कितव्या पॅसेजला होते. ज्यांना हा प्रश्न आवडेल त्यांच्याकडे जा. जे एसटीआरचा अहवाल पुढे करतील त्यांना वर लिहिलेले नम्रपणे सांगा. त्यावर ते काय म्हणतात ते ऐका आणि मग ठरवा. ई-मेलला उत्तर आले नाही तर तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, आणि दरम्यान नेटचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख निघून जाऊ देऊ नका.